घोटबाईंची न संपणारी बाटली

मंगळवार, २ मार्च. सकाळी नळाला पाणी बारीक. मुलाच्या सदऱ्याला इस्त्री करताना बाही किंचित करपली, सांगितलं नाही. वॉर्डात आठ बाळं, त्यांपैकी तीन माझ्याकडे. खिडकीवाल्याने अर्ध्या तासात एकेचाळीस मिली घेतलं, ठसका नाही. नव्या डॉक्टरांनी भिंतीवर फळा लावला. उजवा गुडघा बरा.

ही नोंद घोटबाईंची. अशा नोंदी त्या वयाच्या अकराव्या वर्षापासून रोज करत आल्या होत्या. वडील एका कॉन्व्हेंट शाळेत माळी होते, त्यामुळे मुलगीही त्याच शाळेत गेली आणि तिथल्या नन्सनी तिला तीन गोष्टी शिकवल्या: सुवाच्य अक्षर, बारीक टाका आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणं. पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक झालं. तिसरीचा लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरी बोभाटा झाला, की नव्या सुनेचं एक जेवण उरकेपर्यंत दुसऱ्या जेवणाची वेळ होते. डायरीचा नियमही तिथलाच. घडलं ते लिही, वाटलं ते लिहू नको. त्यामुळे घोटबाईंच्या डायऱ्यांत नवरा गेल्याचा दिवसही चार ओळींचा आहे, आणि त्यातली एक ओळ गॅसच्या शेगडीबद्दल आहे.

नवरा गेला तेव्हा त्या हॉस्पिटलात आया होत्या. आता निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली होती, तरी दर सहा महिन्यांनी एक कागद येई, त्या सही करत, आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसत. खुर्ची दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला असलेल्या वॉर्डात. दारावरची पाटी इतकी लांब, की लिफ्टवाला लोकांना सरळ सांगायचा, ‘‘दूध गिळता येत नाही त्या पोरांचा ना? असंच चालत राहा. रडण्याचे आवाज बंद झाले की आलं.’’ कारण इथली बाळं फारशी रडत नसत. रडायलाही दम लागतो, आणि यांचा सगळा दम एकेका घोटावर खर्ची पडे.

दूध पिणं जगातल्या प्रत्येकाला येतं, असा जगातल्या प्रत्येकाचा समज आहे. खरं म्हणजे चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं बाळाला एकाच अरुंद वाटेवर आळीपाळीने करायची असतात. तुमच्या-आमच्या बाळांना ते कोणी शिकवत नाही. पण कोणी दिवस भरण्याआधी आलेलं, कोणाची टाळू दुभंगलेली, कोणाच्या मानेत जोरच नाही, अशांची पाळी चुकते. श्वासाच्या पाळीला दूध पुढे घुसतं आणि पोटाऐवजी छातीत उतरतं. मग ताप, मग न्यूमोनिया, मग सगळ्यांची पळापळ.

घोटबाई बाळाला मांडीवर कुशीवर निजवत, डोकं पायांपेक्षा वर. निपल सगळ्यांत बारीक भोकाचं. आधी बाटली उलटी करून मनगटावर बघायचं; थेंब पडला पाहिजे, धार नको. मग बाटली जवळजवळ आडवी धरून तीन चोख, आणि चौथ्याच्या आत बाटलीचं बूड खाली, म्हणजे निपल तोंडातच राहतं पण दूध मागे सरतं. बाळ श्वास घेई. घोटबाई वाट बघत. पुन्हा तीन चोख. बाळाच्या भुवया वर चढल्या, बोटं पंज्यासारखी फाकली, श्वासात ओलसर खरखर आली, की बाटली बाहेर. अर्धा तास झाला की बाटलीत कितीही उरो, बाटली बाहेरच. त्यापुढे बाळ जेवढं पितं त्याहून जास्त दमतं. उरलेलं दूध सिस्टर नाकातल्या नळीने पोटात सोडत.

या सगळ्यात वाट बघणं हेच मुख्य काम आहे, हे घोटबाईंना तीस वर्षांत कोणाला पटवता आलं नव्हतं. बघणाऱ्याला वाटे, बाई बसली आहे.

नवे डॉक्टर हुशार होते, मनाने चांगले होते आणि नुकतेच एका परिषदेहून आले होते. तिन्ही गोष्टी एकाच माणसात जमून आल्या की संस्थेने जरा जपून राहावं. परिषदेत त्यांनी ‘उद्दिष्ट’ हा शब्द ऐकला होता आणि तो त्यांच्या अंगात शिरला होता. त्यांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘रिकामी बाटली, भरलेलं पोट’. खाली रकाने. पाजणाऱ्याचं नाव, किती बाटल्या, किती रिकाम्या, किती मिनिटांत. पंधरा मिनिटांत बाटली रिकामी झाली तर हिरवा तारा, नाही झाली तर लाल ठिपका. ठसका लागला की नाही, याचा रकाना नव्हता. फळ्यावर जागा उरली नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. मथळ्याचं अक्षर मोठं झालं होतं.

आठवड्याच्या आत वॉर्डात चमत्कार झाला. ज्या बाळांना महिनाभर चमचाभर दूध जड जात होतं, ती पंधरा मिनिटांत बाटल्या संपवू लागली. तारेच तारे. फक्त लाळेऱ्यांचे गठ्ठे धुवायला नेणारा माणूस कुरकुरू लागला, की ही फडकी पूर्वी ओली असायची, आता ठिबकतात. त्या आठवड्यात वॉर्डातल्या लाळेऱ्यांचं वजन बाळांपेक्षा जास्त वाढलं.

सगळ्यांत जास्त तारे होते ‘रॉकेट’चे. ही आया तिशीची, हाताची चपळ, तोंडाची त्याहून.

‘‘मावशी, तुमच्या नावापुढे लाल ठिपके बघा,’’ ती म्हणाली. ‘‘लोकांना वाटेल फळ्याला गोवर आलाय.’’

‘‘येऊ दे. गोवर येतो आणि जातो.’’

‘‘माझ्या कालच्या नऊच्या नऊ रिकाम्या!’’

‘‘आणि लाळेरी?’’

‘‘ती धोबी मोजतो, मावशी. आपला रकाना नाही तो.’’

राउंडला डॉक्टर सिस्टरना इंग्रजीत म्हणाले, की बाई प्रामाणिक आहेत पण फार स्लो आहेत. आयांना इंग्रजी कळत नाही या समजुतीवर हॉस्पिटलातला बराचसा मोकळेपणा टिकून असतो. घोटबाईंनी बाटलीवरची नजर न हलवता, नन्सनी छडी दाखवून घटवून घेतलेल्या इंग्रजीत उत्तर दिलं, की सर, स्लो हा शब्द या निपलच्या पाकिटावरही छापलेला आहे, आणि तिथे तो गुण म्हणून छापला आहे. सिस्टरना अचानक तापमानाचे तक्ते बघायचे सुचले. डॉक्टर पुढच्या पाळण्याकडे वळले. त्या दिवसापासून राउंडमध्ये लॅटिन शब्दांचं प्रमाण वाढलं.

खिडकीजवळच्या पाळण्यातला अडीच महिन्यांचा मुलगा, तो खिडकीवाला. त्याची आई तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसे. आख्खा सदरा तिने कधी शिवला नव्हता. ती फक्त कॉलर जोडायची, दिवसाला तीनशे. वॉर्डात तिला सगळे शिवणवाली म्हणत. बाळाच्या नाकात पहिल्या दिवसापासून नळी होती. बाळ चोखायचं, गिळायचं, पण त्याच्या चालीने. आठवड्याला चार-पाच मिली करत ते पुढे सरकत होतं.

दहा मार्चला, बुधवारी, डॉक्टरांनी शिवणवालीला बोलावून सांगितलं, की शुक्रवारी बाळाची परीक्षा आहे. पंधरा मिनिटांत साठ मिली तोंडाने घेतलं तर नळी काढून घरी. नाही घेतलं तर सोमवारी ऑपरेशन. पोटाला छोटं भोक पाडून तिथून कायमची नळी. आणि शुक्रवार अशासाठी, की त्या दिवशी वरून तपासणी पथक येणार होतं. एका दगडात दोन पक्षी.

पोटातल्या नळीशी घोटबाईंचं काही वैर नव्हतं. ज्या बाळाला घोटच येत नाही, त्याला ती नळी म्हणजे देवाचा हात. अशी किती बाळं त्यांनी धडधाकट होऊन जाताना पाहिली होती. पण खिडकीवाल्याला घोट येत होता. त्याला फक्त घाई येत नव्हती.

त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. ‘‘सर, त्याला अर्धा तास द्या.’’

‘‘बाई, पथकाला आपल्या वॉर्डासाठी वीस मिनिटं आहेत. त्यात चहा आहे.’’

‘‘मग चहा नको द्यायला.’’

डॉक्टर हसले. विनोद आहे, असं त्यांना वाटलं.

दुपारी शिवणवाली खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. ‘‘मावशी, पंधरा मिनिटांत होईल ना त्याचं?’’

‘‘पंधरा मिनिटांत अर्धं होतं.’’

‘‘पण शुक्रवारी? तो शुक्रवारी चांगला असला तर?’’

‘‘शुक्रवारीही त्याचा घसा हाच असणार आहे, पोरी.’’

उत्तर अगदी खरं होतं आणि त्याचा त्या बाईला काडीइतका उपयोग नव्हता, हे घोटबाईंना बसमध्ये बसल्यावर कळलं.

घरी सुनेने ताट वाढता वाढता विचारलं, ‘‘काय झालं आई? चेहरा का असा?’’ सून एका फोन कंपनीच्या तक्रार केंद्रात होती. सगळी हकिकत ऐकून ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे तर प्रत्येक तक्रार चार मिनिटांत मिटवायची. नाही मिटली तर आम्ही फोन कट करतो.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग तो माणूस परत फोन करतो. ती नवी तक्रार धरतात. काम दुप्पट दिसतं, साहेब खूश! तुम्ही आमच्याकडे असतात ना, तर पहिल्याच माणसाची सगळी कर्मकहाणी ऐकत बसला असतात.’’

‘‘त्याचा फोन तरी दुरुस्त झाला असता.’’

‘‘आई, फोन दुरुस्त करणं आमच्या खात्यात येतच नाही,’’ सून म्हणाली आणि दोघी हसल्या. मुलगा टीव्ही बघत होता. करपलेल्या बाहीचाच सदरा त्याच्या अंगात होता आणि आठवड्याभरात त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी भेटायच्या वेळेला शिवणवालीची सासू आली. सासूबाई येताना सल्ल्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि ती त्यांनी पाळण्याशेजारीच उपडी केली.

‘‘आमच्या घराण्यात गिळायचा त्रास कोणालाच नाही. याला उताणं पाजत जा, सरळ उतरेल.’’

‘‘छातीत उतरेल,’’ घोटबाई म्हणाल्या.

‘‘मग नाक चिमटीत धरा क्षणभर. झक मारत गिळतं.’’

‘‘तुम्ही धरा तुमचं नाक आणि प्या पाणी. मग बोलू.’’

सासूबाईंनी मोर्चा सुनेकडे वळवला. ‘‘या निपलला भोक आहे की थट्टा? मुंगी उपाशी मरेल यात. आमच्या वेळी सुई तापवून भोक मोठं करायचे, गटागट प्यायची पोरं.’’

याचं उत्तर घोटबाईंच्या जिभेवर होतं, पण तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली, ‘‘मावशी, जरा पडदे धरा हो!’’ पथकासाठी नवे पडदे आले होते. ते जुन्या दांडीपेक्षा हातभर लांब निघाले आणि दुमडून टाचण्यात तासभर गेला. परत येईपर्यंत सासूबाई गेल्या होत्या. शिवणवाली नातेवाइकांच्या खोलीत बाटल्या उकळत होती. ते रोजचं काम तिचंच.

शुक्रवारी सकाळी अकराला पथक आलं. एक वयस्कर बाई, चष्मा साखळीला अडकवलेला, एक फाइलवाला, एक फोटोवाला. फोटोवाल्याने आधी पडद्यांचा फोटो घेतला. मग ताऱ्यांनी भरलेल्या फळ्याचा. घोटबाईंच्या ओळीपुढे डॉक्टर उभे राहिल्याने ठिपके फोटोत आले नाहीत.

टेबलावर हिरव्या कापडाखाली ट्रे तयार होता. घोटबाईंनी बाळाला कुशीवर घेतलं आणि सवयीने बाटली मनगटाकडे नेली.

‘‘नको नको, बाई,’’ डॉक्टर हळूच म्हणाले, ‘‘सगळं निर्जंतुक करून ठेवलंय. मनगट वगैरे पथकाला घरगुती वाटतं. चला, वेळ सुरू.’’ आणि त्यांनी फोनवरचं घड्याळ सुरू केलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा घोटबाईंनी थेंब न बघता निपल बाळाच्या ओठांना लावलं. समोर डॉक्टर होते, साहेब लोक होते. माणूस कधी कधी भिडेला बळी पडतो. पहिला चोख. दुसऱ्या चोखाला बाटलीत मोठा बुडबुडा चढला, शेंगदाण्याएवढा. खिडकीवाल्याच्या बाटलीत बुडबुडे मोहरीएवढे चढत.

‘‘वा!’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बघा, अकरा मिली, एका मिनिटाच्या आत!’’

बाळाच्या भुवया कपाळावर चढल्या. बोटं फाकली. घोटबाईंनी बाटली काढून घेतली, बाळाला पुढे झुकवलं, आणि त्याच्या नाकातून दूध आलं. ओठांभोवती निळसर झाक आली. सिस्टरनी यंत्राने घसा मोकळा केला. दोन ठसके, मग एक लांबलचक, ओला, संतापलेला श्वास. मग ते रडलं. वॉर्डात रडणं ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांच्या हातातला फोन कुठे गेला कोणाला कळलं नाही. त्यांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता आणि त्या क्षणी त्यांना पथकही दिसत नव्हतं. ते मनाने चांगले होते, हे वर सांगितलंच आहे.

घोटबाईंनी बाटली उलटी केली. थेंब नव्हता. धार होती, सरळ, बारीक दोऱ्यासारखी.

‘‘हे कोणी केलं?’’ डॉक्टरांनी विचारलं.

शिवणवाली भिंतीला टेकून उभी होती. ‘‘मी,’’ ती म्हणाली. ‘‘सुई तापवून. पण अकरा नंबरची घेतली, साहेब, सगळ्यांत बारीक. सोळाची होती पिशवीत, ती नाही घेतली.’’

कॉलर जोडणाऱ्या बाईने आपल्या परीने नेमकं काम केलं होतं. भोक अगदी गोल होतं.

‘‘तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?’’ डॉक्टरांचा आवाज चढला. ‘‘जिवाशी खेळ केलात! असल्या अडाणीपणामुळेच...’’

‘‘सर,’’ घोटबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना तो चढवता येत नसे. ‘‘तिने भोक निपलला पाडलं. वॉर्डातल्या बाकीच्या बाटल्या कशा रिकाम्या होतात, ते लाळेऱ्यांना विचारा. फळ्यावर जे मागितलं, ते सगळ्यांनी दिलं. मीही आज थेंब बघितला नाही. तोही दोष लिहायचा तर माझा लिहा.’’

रॉकेट आपल्या नखांकडे बघू लागली. चष्म्याच्या बाईंनी चष्मा लावला आणि फळा पहिल्यांदा वाचला. मग त्या म्हणाल्या, ‘‘या बाळाला लागतो तरी किती वेळ?’’

‘‘अर्धा तास. पण आता नाही. आता त्याला निजू द्या. दोन वाजता त्याची पुढची वेळ, तीही छाती साफ असली तर.’’

‘‘दोनपर्यंत पथक थांबणार नाही,’’ फाइलवाला म्हणाला.

पण पथक थांबलं. त्याचं कारण असं, की ड्रायव्हर गाडी घेऊन जेवायला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. अहवालात या कालावधीला ‘सखोल पाहणी’ म्हटलं आहे.

दोन वाजता डॉक्टरांनी छाती तपासली, पुढून, मागून, पुन्हा पुढून. साफ होती. ‘‘पण बाई,’’ ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘जमलं नाही तर सोमवारची यादी तशीच राहील. मी उगाच आशा लावणार नाही.’’

‘‘नकाच लावू,’’ घोटबाई म्हणाल्या. नवं निपल स्वतः उकळून आणलं होतं. बाटली उलटी करून मनगटावर थेंब घेतला. एक. थांबून, दुसरा. शिवणवालीला त्यांनी समोरच्या स्टुलावर बसवलं. ‘‘तू बाटलीकडे बघू नकोस. त्याच्या भुवयांकडे बघ.’’

तीन चोख. बूड खाली. श्वास.

पथकाने असं काम कधी पाहिलं नव्हतं, कारण यात पाहण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या मिनिटाला फाइलवाल्याने फाइल उघडून मिटली. आठव्या मिनिटाला फोटोवाल्याने विचारलं, ‘‘सुरू झालंय ना?’’ चहा आला आणि कोणाच्या तरी बशीचा आवाज झाला, तेव्हा चष्म्याच्या बाईंनीच ‘श्श’ केलं. पंधराव्या मिनिटाला बाटलीवरचा आकडा सव्वीस होता. परीक्षेच्या हिशेबाने बाळ नापास झालं होतं, पण घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. विसाव्या मिनिटाच्या सुमाराला घोटबाईंच्या लक्षात आलं, की बाटलीचं बूड खाली गेलं की अख्खी खोली श्वास घेते आहे. सर्वांत मोठ्याने फाइलवाला.

‘‘चाळीस,’’ तो पुटपुटला. मग ‘‘चव्वेचाळीस.’’ मग खुर्ची पुढे सरकवून, ‘‘अठ्ठेचाळीस! बारा राहिले, बाई, फक्त बारा!’’

खिडकीवाल्याची मूठ सैल पडली होती. चोख उथळ झाले होते; दोनच, तेही नावाला. अर्धा तास झाला होता. घोटबाईंनी बाटली काढून घेतली.

‘‘अहो, असं काय करता!’’ फोटोवाला ओरडला. ‘‘दोन मिनिटांचं काम!’’

‘‘द्या ना त्याला, पितोय तो,’’ चष्म्याच्या बाईसुद्धा म्हणाल्या.

डॉक्टर बाटलीवरच्या आकड्याकडे बघत होते. साठ हा आकडा त्यांचाच होता. शिवणवालीने घोटबाईंच्या हाताकडे बघितलं. सोमवार त्या बारा मिलींवर अडकला होता आणि बाटली इंचभर अंतरावर होती. तिचा हात उचलला गेला. मग तिने बाळाच्या भुवयांकडे बघितलं, आणि हात मांडीवर ठेवला.

‘‘दमला तो,’’ ती म्हणाली. ‘‘बास.’’

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. या वेळी त्यांनी खूप वेळ ऐकलं, इतका की सिस्टर काळजीने पुढे आल्या. मग ते उठले, खिशातून सोमवारच्या ऑपरेशनची यादी काढली आणि एका ओळीवर रेघ मारली.

‘‘एक थेंब चुकीच्या वाटेला गेलेला नाही,’’ ते म्हणाले. ‘‘नाकातली नळी तूर्त राहील. आठवडाभर आई इथे पाजायला शिकेल, अर्धा तास, घोटबाईंच्या देखरेखीखाली. उरलेलं नळीने. मग घरी. महिन्याने पुन्हा बघू.’’

‘‘पोटाला भोक नाही?’’ शिवणवालीने विचारलं.

‘‘नाही. आणि निपललाही नाही.’’

सिस्टरनी राहिलेले बारा मिली नाकातल्या नळीने सोडले. फाइलवाल्याने रिकामी बाटली उजेडात धरून पाहिली आणि फॉर्म भरायला घेतला. ‘‘बाटली रिकामी. बरोबर?’’

‘‘रिकामी आहे, पण शेवटचं नळीने दिलंय,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘कशाने, असं विचारलेलं नाही इथे. आणि वेळेचा रकाना या फॉर्मात नाहीच.’’ त्याने ‘शंभर टक्के’ लिहिलं, फळ्याशी गेला आणि हिशेबाच्या सोयीसाठी घोटबाईंच्या नावापुढे स्वतःच्या हाताने हिरवा तारा काढला.

‘‘मावशी!’’ रॉकेटने टाळी वाजवली. ‘‘लागला बाई एकदाचा!’’ मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘ते बूड खाली करायचं... मला दाखवाल का?’’

‘‘पाचच्या बाटलीला ये. फडकं बाहेर ठेवून ये.’’

पाचच्या बाटलीला बाळ शिवणवालीच्या मांडीवर होतं. दिवसाला तीनशे कॉलर जोडणारे हात. थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तीन चोख झाले की बोटं आपसूक पुढच्या चौथ्याकडे धावत आणि घोटबाई नुसतं तिच्या मनगटावर बोट ठेवत. अर्ध्या तासात एकतीस मिली. दोनदा भुवया चढल्या, दोन्ही वेळा आईने आधी पाहिलं. शेजारच्या पाळण्याशी रॉकेट बसली होती, तोंड मिटून, आणि तिला ते फारच अवघड जात होतं.

फळा सोमवारी काढतो, असं डॉक्टर जाताना म्हणाले. मग दारातून परत येऊन त्यांनी ‘सोमवारी’ऐवजी ‘परिषदेला कळवून’ असं केलं.

घोटबाई साडेसातला घरी पोचल्या. हातपाय धुऊन, चष्मा पुसून त्यांनी डायरी उघडली.

शुक्रवार, १२ मार्च. खिडकीवाला: अकराला अकरा मिली, ठसका, निळसर, सावरला. थेंब बघितला नव्हता, चूक माझी. दोनला अठ्ठेचाळीस, ठसका नाही. पाचला आईकडून एकतीस, ठसका नाही. ऑपरेशन रद्द. गुडघा दुखतो. येताना बटाटे दोन किलो आणले, त्यांतला एक सडका निघाला.